बस्त्यावकाकांच्या बरण्या

आमच्या बस्त्यावकाकांच्या केबिनमध्ये कंपनीचं सर्टिफिकेट नव्हतं, फुलदाणी नव्हती, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा मागच्या वर्षीचं होतं. होत्या त्या बरण्या. लोणच्याच्या, मुरंब्याच्या, कॉफीच्या रिकाम्या बरण्या स्वच्छ धुऊन ओळीनं फळीवर मांडलेल्या. प्रत्येकीत वाया गेलेल्या चष्म्याच्या काचा आणि प्रत्येकीवर काकांच्या टपोऱ्या अक्षरातली एक चिठ्ठी. ‘पोरांची परीक्षा’. ‘सासऱ्याचं डायलिसिस’. ‘दात येतायत’. ‘गावचे पाहुणे’. सगळ्यांत मोठी बरणी पाच किलो लोणच्याची होती आणि तिच्यावर नुसतं ‘नवरा’ असं लिहिलं होतं.

अंधेरीच्या एमआयडीसीत दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब आहे. चष्म्याच्या दुकानांतून ऑर्डरी येतात, आम्ही नंबराप्रमाणे काचा घासतो, फ्रेमच्या आकारात कापतो, बसवतो, तपासतो आणि संध्याकाळी कुरिअरवाल्याच्या हवाली करतो. काच म्हणायचं एवढंच, हल्ली सगळं प्लास्टिक. पण वाया जायच्या तऱ्हा जुन्याच. कोणी डावी काच उजवीकडे बसवतं, कोणाचा कोन चुकतो, कोणाच्या हातून चरा पडतो. दुसऱ्या कुठल्याही लॅबमध्ये सुपरवायझर विचारतो, कोणी केलं? काका विचारायचे, “काच कशाने गेली?”

आणि ‘हात घसरला’ हे उत्तर चालायचं नाही. “हात घसरतो तो कशापायी?” हा पुढचा प्रश्न तयार असायचा. मग बाई सांगून टाकायची, की रात्रभर पोरगं रडत होतं, किंवा नणंद माहेरपणाला आली आहे ती जायचं नाव घेत नाही. काका गंभीरपणे ऐकून घ्यायचे, काच योग्य त्या बरणीत टाकायचे आणि म्हणायचे, “बरं. आता कामाला लाग.”

माणूस ठेंगणा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, आणि अंगावर कायम तीन चष्मे. एक नाकावर, एक कपाळावर, एक दोरीनं छातीवर. तरी चौथा शोधत असायचे. राहायचे गोराईला, खाडीपलीकडे. रोज सकाळी फेरीबोटीनं अलीकडे यायचे, मग बस, मग मेट्रो. इतका द्राविडी प्राणायाम करून हा माणूस साडेआठच्या ठोक्याला हजर, आणि मी मरोळहून रिक्षानं येऊन पाच मिनिटं उशिरा. याचा मला फार राग यायचा.

मी पहिल्यांदा मुलाखतीला गेले तेव्हा काकांनी माझा बायोडेटा वाचलाच नाही. तो उलटा ठेवला, कोऱ्या पाठीवर चार रेघा मारल्या आणि मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न सुरू केले. घरी माणसं किती? त्यांतली आजारी किती? लहान कोण? शाळा सकाळची की दुपारची? सासूचे गुडघे कसे आहेत? शेजारीण चांगली आहे का? शेवटच्या प्रश्नाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

मला वाटलं, काय भोचक म्हातारा आहे. शिवाय मी पोळलेली होते. आधीच्या दोन ठिकाणी खरं बोलून बसले होते. घरी तीन वर्षांची मुलगी आहे म्हटल्यावर एके ठिकाणी ‘कळवतो’ म्हणाले. दुसरीकडे तर मुलाखत घेणारी बाईच होती, तिनं प्रेमानं सांगितलं की मुलगी थोडी मोठी होऊ दे ना, मग ये. म्हणून तिसऱ्या ठिकाणी मी शहाणी झाले.

“घरी मी आणि नवरा,” मी म्हटलं. “काही अडचण नाही.”

काकांनी नाकावरचा चष्मा कपाळावर नेला आणि कपाळावरचा नाकावर आणला. “काहीच नाय?”

“काहीच नाही.”

“बरं,” ते म्हणाले. कागदावर एक गोल काढला आणि आत काही लिहिलं नाही.

तो गोल कशाला होता ते कामावर रुजू झाल्यावर कळलं. काकांच्या कपाटाच्या दाराला आतून खाकी कागदाचा एक मोठा तक्ता चिकटवला होता. त्यावर आम्हा सगळ्याजणींची घरं होती, एकेका गोलात एकेक. कोणाचं मूल कितवीत, कोणाच्या सासऱ्याला कुठल्या वारी दवाखान्यात न्यायचं, कोणाच्या नवऱ्याची कुठली शिफ्ट. त्यावरून काका जोड्या लावायचे. एक टेबल, दोन बाया. एकीला सकाळ सोयीची, तर दुसरीला दुपार. सकाळची साडेसातला येऊन दीडला जाणार, दुपारची दीडला येऊन साडेसातला. कोणाचं अडलं तर जोडीतल्या जोडीत अदलाबदल करायची, काकांना फक्त सांगायचं. याला ते सोयरीक म्हणायचे. एखादी जोडी नीट जमली की लग्न लावून आल्यासारखे हात चोळत केबिनमध्ये जायचे.

शेठना हे पहिल्यांदा अजिबात पसंत नव्हतं म्हणे. मी लॅब चालवतो की पाळणाघर, असं त्यांनी विचारलं होतं. तेव्हा काकांनी सगळ्या बरण्या उचलून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि ‘नवरा’ची बरणी खळखळ वाजवून दाखवली. “शेठ, डोकं घरी अडकलं असलं तर नुसते हात इथं येऊन काय करतील?” एवढंच बोलले. शेठनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जोड्या सुरू झाल्या, बरण्या भरायचा वेग मंदावला, आणि शेठनी त्याबद्दल बोलणं सोडून दिलं.

काकांनी आणखी एक उद्योग केला होता. सगळ्या मुलांच्या शाळांत अडीअडचणीला म्हणून लॅबचा नंबर दिला होता आणि नात्यापुढे ‘मामा’ असं लिहायला लावलं होतं. बाईचे हात मशिनावर असतात, तिला मोबाइल कुठला कळणार, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे फोन वाजला की काका उचलून म्हणायचे, “हां, मामा बोलतोय. कोणाला ताप आला?” एकदा एका शाळेच्या बाईंनी वैतागून विचारलं, की अहो, तुम्हाला बहिणी तरी किती आहेत? “एकच हाय,” काका म्हणाले, “पण पोरं फार.” आम्ही हसून हसून काचा खाली ठेवल्या.

तर मी. माझा गोल रिकामा. म्हणजे मी मोकळी. त्यामुळे मला जोडी मिळाली नाही, मी, म्हणजे वृषाली, सगळ्यांची बदली झाले. नलूच्या सासऱ्यांचं डायलिसिस लांबलं, वृषाली थांबेल. फातिमाच्या मुलीची पालकसभा, वृषाली लवकर येईल. खोटं बोलून मी स्वतःची अशी झकास वाट लावून घेतली होती. इकडे माझी मिहू बालवाडीत, मग दुपारभर शेजारच्या घागकाकूंकडे. नवरा विमानतळावर माल चढवण्याच्या कामावर, त्याच्या शिफ्टचा पत्ता त्यालाच आदल्या दिवशी लागायचा. मी दर तासाला बाथरूममध्ये जाऊन दबक्या आवाजात फोन करायचे, “राणी, जेवलीस का? झोप ना गं थोडी.” नलूनं तर माझं बाहेर काहीतरी प्रकरण आहे, असंच ठरवून टाकलं होतं.

माझ्या हातून काचाही फार जायच्या. काका विचारायचे, कशाने गेली? मी म्हणायचे, हात घसरला. कशापायी? माहीत नाही. ते मान हलवून काच एका निराळ्या बरणीत टाकायचे. त्या बरणीवर ‘कळत नाय’ असं लिहिलेलं होतं, आणि ती माझ्या एकटीचीच होती.

एके दिवशी बालवाडीत कांजिण्या निघाल्या म्हणून बालवाडी बंद. घागकाकू चिपळूणला गेलेल्या. नवरा पहाटेच कामावर. मी मिहूला लॅबमध्ये नेलं, माझ्या टेबलाखाली बसवलं, बिस्किटांचा पुडा आणि जुन्या फ्रेमचा खोका दिला आणि आवाज करायचा नाही अशी शपथ घातली. पाऊण तास तिनं शपथ पाळली. मग मी एका काचेचा कोन बघत असताना टेबलाखालची जागा रिकामी झाली.

मिहू तीन फ्रेमा घालून सरळ काकांच्या केबिनमध्ये गेली होती. त्यातली एक उलटी. काकांच्या अंगावरही तीन चष्मे. दोघं एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले, आणि मला वाटतं, दोघांनाही समोरच्यात काही वावगं दिसलं नाही.

“आजोबा,” मिहूनं विचारलं, “तुम्हाला किती दिसतं?”

काका तिचा हात धरून बाहेर आले. आधी त्यांनी सगळी मशिनं बंद करायला लावली, कारण कडा कापणाऱ्या मशिनाजवळून पोर चालत आली होती. तिथवर ते घाबरलेले होते. मग चिडले.

“ह्ये कोणाचं?”

“माझं,” मी म्हटलं.

“चोरीचा माल हाय काय? मग लपवतेस कशापायी?”

मला रडूच फुटलं. आधीच्या दोन मुलाखती, बाथरूममधले फोन, सगळं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नलूचा चेहरा पडला, तिचं प्रकरण हातचं गेलं होतं. काका केबिनमधून ‘कळत नाय’ची बरणी घेऊन आले, नखानं चिठ्ठी खरवडून काढली आणि नवीन चिठ्ठीवर ‘मिहू’ असं लिहून माझ्या समोर ठेवली. “सहा महिनं मी डोकं खाजवतोय,” ते म्हणाले. “एक शब्द बोलली असतीस तर एवढ्या काचा वाचल्या असत्या, बाय.” दुसऱ्या दिवशी माझी नलूशी सोयरीक झाली. सकाळ माझी, दुपार तिची. त्या दिवसापासून मी काकांना भोचक म्हणणं सोडलं.

त्यानंतर तीन वर्षं बरी गेली. मिहू यंदा पहिलीत गेली, तिची शाळा दुपारची झाली, आणि काका माझ्यासाठी नवी जोडी शोधत होते.

या सगळ्या काळात आम्ही एक गोष्ट कधी नीट पाहिली नाही. तक्त्यावर काकांचं घर नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं एवढं ठाऊक होतं. रोज अकराला आणि तीनला ते जिन्यात जाऊन फोन करायचे आणि खाडीपलीकडे तसंच ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचे, “गॅस बंद? कडी लावली? बरं.” आम्ही चिडवायचो, काका, कोण आहे हो? ते हसून विषय बदलायचे. डबा मात्र कोणालाही द्यायचे नाहीत. भिंतीकडे तोंड करून सगळा संपवायचे आणि वर लोटाभर पाणी प्यायचे. आम्ही म्हणायचो, बाकी माणूस देवमाणूस, पण डब्याच्या बाबतीत चिक्कू.

आणि याच जूनमध्ये काकांनी राजीनामा दिला. वय झालं, म्हणाले. महिन्यानंतर यायचं नाही. शेठनी दोन दिवस त्यांची मनधरणी केली, मग जाहीर केलं की नवा सुपरवायझर येईल, दाराशी चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन बसेल आणि सगळ्यांना नऊ ते सहा. त्या जोड्याबिड्या बस्त्यावलाच जमायच्या, दुसऱ्याला सांभाळता येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. नलू बोटांवर डायलिसिसचे वार मोजत बसली. फातिमानं सरळ सांगितलं की मी घरी बसते. मी मनातल्या मनात दुसरीकडच्या मुलाखतींसाठी पुन्हा खोटं जुळवायला लागले.

काकांनी मला कपाट रिकामं करायला सांगितलं. बरण्या धुऊन दे, नव्या माणसाला फळी लागेल, म्हणाले. मी खालचा खण उघडला. जुन्या माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यामागे एक बरणी होती, तोंडापर्यंत भरलेली. चिठ्ठी नव्हती. आमच्याकडे वाया गेलेल्या काचेबरोबर ऑर्डरचा कागद राहतो आणि त्यावर काम करणाऱ्याचं अक्षर असतं. या सगळ्या कागदांवर एकच अक्षर होतं, ‘ब’. मोठ्या नंबराच्या अवघड काचा काका स्वतः करायचे. तारखा गेल्या सात-आठ महिन्यांतल्या होत्या. डावी उजवीकडे, कोन चुकलेला, चरा पडलेला. नवशिक्या मुलीच्या हातून जातात तशा.

मी बरणी घेऊन केबिनमध्ये गेले आणि दार लावलं.

“काका, काच कशाने गेली?”

त्यांनी बरणीकडे पाहिलं. “हात घसरला. वय झालं.”

“हात घसरतो तो कशापायी?”

त्यांनी चष्मा बदलला. मग दुसरा बदलला. मग तिन्ही काढून टेबलावर ठेवले. एवढ्या वर्षांत त्यांचे उघडे डोळे मी पहिल्यांदा पाहिले.

त्यांना मार्था नावाची मोठी बहीण आहे. आई लवकर गेली, तेव्हा बारा वर्षांच्या मार्थानं तीन वर्षांच्या बस्त्यावला वाढवलं, शाळेत घातलं, आणि स्वतः कधी लग्न केलं नाही. आता तिला विसर पडायला लागला आहे. सकाळी बरी असते, कोंबड्यांना दाणे घालते, भावाचा डबासुद्धा तीच भरते, मीठ कधी दोनदा पडतं तेवढंच. दुपारी मात्र बिघडतं. तीन वाजले की उठते आणि जेट्टीवर जाऊन बसते. बस्तू शाळेतून यायची वेळ झाली म्हणून. येणारी प्रत्येक बोट बघते. शेजारची रेजिना तिला समजावून घरी आणायची, पण रेजिना आता वसईला लेकीकडे चालली होती.

“गेल्या महिन्यात पाण्यात उतरली व्हती,” काका म्हणाले. “बोटवाल्यानं धरली.”

मला त्यांची इतकी दया आली की मी रागावलेच. म्हटलं, मी मूल लपवलं तर मला केवढं बोलला होतात.

“मूल येगळं, बाय. मूल मोठं होतं. आज बालवाडी, उद्या पहिली. हिचं तसं नाय.” ते बरणीवरून बोट फिरवत राहिले. “मना कोणी इचारलं, बस्त्याव, सवलत कवापर्यंत पायजे, तर काय सांगू? कवापर्यंत म्हणू?”

टेबलावर त्यांच्या राजीनाम्याची प्रत पडली होती. ती मी उलटी केली, कोऱ्या पाठीवर चार रेघा मारल्या आणि पेन हातात घेतलं.

“घरी माणसं किती?”

“बाय, तू आता...”

“माणसं किती?”

“दोन.”

“आजारी किती? शेजारीण चांगली आहे का? अडचण सकाळची की दुपारची?”

“दुपारची,” काका म्हणाले.

माझी मुलगी दुपारी शाळेत, म्हणून मला दुपारी काम हवं. त्यांची बहीण दुपारी जेट्टीवर, म्हणून त्यांना दुपारी घर हवं. तीन वर्षं हा माणूस माझ्या समोर बसून सोयरिकी जमवत होता, आणि ही त्याला सुचली नव्हती. सकाळी सुपरवायझर ते, दुपारी मी. लहान नंबरांचं मला सगळं येत होतं, मोठ्या नंबराचं ते शिकवणार होते.

नलू, फातिमा आणि मी शेठकडे गेलो. मी भाषण पाठ केलं होतं, पण ते विसरले आणि नुसती बरणी टेबलावर ठेवली. शेठनी एक काच उचलून उजेडात धरली, कागदावरचं अक्षर पाहिलं. वडिलांच्या काळापासून ते बस्त्यावकाकांना ओळखतात. काच बरणीत परत ठेवून म्हणाले, “मला का नाही सांगितलं?”

“कोणीच आधी सांगत नाही, शेठ,” मी म्हटलं. “नोकरी जाईल असं वाटतं.”

आम्हीही नाही सांगत, असं फातिमा मागून म्हणाली. शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं की मोठ्या नंबराचं काम शिकायला मला किती दिवस लागतील. मी पंधरा म्हटलं. खरे लागले चाळीस.

नवा सुपरवायझर आला नाही, जोड्याही मोडल्या नाहीत. हजेरीचं मशीन मात्र आलंच. ते सगळ्यांना ओळखतं, फक्त काकांना ओळखत नाही, कारण त्यांच्या नाकावर रोज वेगळा चष्मा असतो. काका आता साडेसातला येतात, मी आल्यावर एकला निघतात आणि तीनच्या बोटीनं पलीकडे उतरतात. ती बरणी त्यांनी फेकू दिली नाही. तिच्यावर ‘मार्था’ अशी चिठ्ठी आहे आणि ती फळीवर ‘नवरा’च्या शेजारी बसते.

मी एकदा त्यांना विचारलं, की तुम्ही बोटीतून उतरल्यावर मार्थाबाई काय म्हणतात? काका म्हणाले, आधी पिशवी हातातून घेते, मग आज शाळेत काय शिकवलं ते विचारते.

“मग तुम्ही काय सांगता?”

“पाढे सांगतो. सतरापर्यंत आलोय.”

आज एकला पाच कमी असताना काका माझ्या टेबलाशी आले आणि इकडेतिकडे बघत डबा माझ्यापुढे सरकवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वालाची भाजी होती, अर्धी उरलेली.

“खा गं बाय,” ते म्हणाले. “माझ्यानं संपत नाय, आणि ती उघडून बघते. उरलं तर मना ओरडेल.”

भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. मी ती सगळी खाल्ली, वर लोटाभर पाणी प्यायले आणि डबा पुसून त्यांच्या पिशवीत ठेवला.